पुढे काही नाही

मराठीत समीक्षक व्हायला पुस्तक वाचावंच लागतं असं नाही. मलपृष्ठ वाचलं, लेखकाशी आपलं बरं आहे की वाकडं हे एकदा आठवून पाहिलं, की दीड कॉलम सहज होतो. म्हणूनच मी आजवर या वाटेला गेलो नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला न वाचता सही करण्याचं धाडस होत नाही. पण आज ज्या कृतीची समीक्षा करायला बसलो आहे, ती मी अक्षरशः पायांनी वाचली आहे. ती म्हणजे हातात धरायच्या जीपीएस यंत्रातला डोंगरांचा नकाशा. लेखक अनेक. प्रकाशक देशागणिक निराळा. पृष्ठसंख्या एक, तीही तीन इंची. किंमत जावयाने दिली असल्यामुळे विचारायची सोय नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता जिनिव्हाला कन्येकडे गेलो होतो. चार दिवस तळं पाहिलं, पाचव्या दिवशी जावईबापूंनी माँ ब्लाँचा विषय काढला. या पर्वताला प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. साधारण १७० किलोमीटर, आणि वाटेत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश. प्रदक्षिणा म्हटल्यावर आमची ही एकदम तयार झाली. तिच्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही. अखेर पूर्ण प्रदक्षिणेऐवजी तीन दिवसांचा नैवेद्य दाखवायचा असं ठरलं, आणि जावईबापूंनी ते यंत्र माझ्या हातात ठेवलं. "बाबा, आता रस्ता चुकायची भीतीच नाही."

या वाक्यातच सगळी गफलत आहे. यंत्र काय करतं? वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचं बोलणं ऐकतं आणि तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात ते चार-पाच मीटरच्या फरकाने सांगतं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन लष्कर त्यात मुद्दाम घोळ घालून ठेवत असे, त्यामुळे तुमच्या-आमच्यासारख्यांचा ठिकाणा शंभरेक मीटर इकडेतिकडे व्हायचा. म्हणजे वाडा बरोबर, पण पेठ शेजारची. ते आता गेलं. पण उपग्रह फक्त "तू इथे आहेस" एवढंच सांगतो. त्या "इथे"च्या भोवती कडा आहे, ओढा आहे की चहाची टपरी आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगायचं काम नकाशाचं. आणि नकाशा तेव्हा वेगळा विकत घ्यावा लागला, तोही देशवार. पर्वत एक, प्रदक्षिणा एक, देव एक, पण अभिषेकाच्या पावत्या तीन.

मला नकाशांचं तसं वावडं नाही. तरुणपणी सह्याद्री तुडवला तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे मिळवण्याची आम्ही खटपट केली होती. समुद्रकिनाऱ्यापासून आणि सरहद्दीपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे तेव्हा सामान्य माणसाला मिळत नसत. आता पुण्याच्या माणसाने समुद्रापासून ८० किलोमीटरचा पट्टा सोडायचा म्हटलं तर रायगड गेला, राजमाची गेली, चढायला पर्वती तेवढी उरली. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघायला सरकारची हरकत नव्हती, फक्त कागदावर बघायचं नाही. आम्ही मग गुरं वळणाऱ्या मामांना विचारायचो. मामा काठी दाखवून म्हणायचे, "ह्ये काय, हाकेवर." ती हाक कोणत्या गळ्याची, हे संध्याकाळी कळायचं.

पण समीक्षेकडे वळतो. कुठल्याही ग्रंथाच्या दोन प्रती हाताशी आल्या की पंडित पहिल्यांदा पाठभेद काढतात. इथे पाठभेदांना तोटा नाही. खुद्द माँ ब्लाँचं शिखरच घ्या. फ्रेंच नकाशात ते संपूर्ण फ्रान्समध्ये आहे. इटालियन नकाशात सरहद्दीची रेघ बरोबर माथ्यावरून जाते. १८६० साली सव्हॉय प्रांत फ्रान्सला मिळाला तेव्हापासूनचा हा बांधाचा वाद, आणि दोन्ही पक्ष आपापला सातबारा घेऊन बसले आहेत. तेव्हा जावईबापूंनी यंत्रात कोणता नकाशा भरला आहे त्यावर शिखर कुणाचं ते ठरतं.

उंचीचंही तसंच. "समुद्रसपाटीपासून" असं आपण म्हणतो, पण कोणत्या समुद्राच्या? फ्रान्स मार्सेयपासून मोजतो, इटली जिनोआपासून. स्वित्झर्लंडला समुद्रच नाही. त्यांनी जिनिव्हाच्या तळ्यातल्या एका खडकाची उंची ३७३.६ मीटर धरली आणि तिथून सगळा देश मोजला. त्याआधी ते याच खडकाला तीनेक मीटर उंच समजत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती झाली आणि सगळे स्विस डोंगर एका फटक्यात बसके झाले. यात हसण्यासारखं काय, असं वाटत असेल तर लाउफेनबुर्गचा पूल आठवा. ऱ्हाइन नदीवर जर्मनी आणि स्वित्झर्लंड दोन्हीकडून पूल बांधत आले. दोघांच्या समुद्रसपाटीत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे दोघांनाही माहीत होतं. हिशेबात तो धरलाही, पण अधिकच्या जागी उणे. २००३ मध्ये लक्षात आलं की फरक मिटण्याऐवजी दुप्पट, म्हणजे ५४ सेंटिमीटर झाला आहे. आमच्या बँकेत याला "काँट्रा एंट्री उलटी पडली" म्हणत आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे रात्री नऊपर्यंत बसत.

तर आमचा दुसरा दिवस. इटलीतल्या कूर्मायोरहून बसने दरीच्या टोकापर्यंत, तिथून पायी ग्राँ कोल फेरे या खिंडीपर्यंत, आणि पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं. खिंड २५३७ मीटरवर. अलीकडे एलेना नावाचं मुक्कामाचं घर, २०६२ मीटरवर. तिथून खिंडीपर्यंतचा चढ हिने एका दमात नाही, पण एका शब्दातही तक्रार न करता पार केला. याचा अर्थ काय होतो ते तुमचंही लग्न झालं असेल तर मी सांगायला नको. खिंडीत पोचलो आणि मागून दरीतलं धुकं वर चढून आलं. दहा मिनिटांत मला माझे बूट दिसेनात. ही एका दगडावर बसली आणि म्हणाली, "उजवा गुडघा संपला. आता कमी उताराची बाजू कोणती तेवढं सांगा. मागे म्हणाल तर मागे, पुढे म्हणाल तर पुढे. पण उभा उतार मला झेपायचा नाही."

प्रश्न सोपा होता. असल्या प्रश्नांसाठीच तर नकाशा जन्माला आला. जावईबापूंनी यंत्र काढलं. इटलीच्या बाजूला समोच्चरेषा अशा दाटीने चिकटलेल्या, की डब्यातल्या शेवया आठवाव्यात. मग त्यांनी नकाशा पुढे सरकवला, आणि तसेच बघत राहिले.

"काय झालं?"

"बाबा, याच्या मते पुढे काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे स्वित्झर्लंड."

फ्रान्सचा नकाशा घेतला होता, इटलीचा घेतला होता. स्वित्झर्लंड घरचंच म्हणून राहून गेलं. रेघेच्या पलीकडे पिवळट कोरी जागा आणि तिच्यात आमची जागा दाखवणारा तो बाण. चार मीटरच्या अचूकतेने आम्ही कशाच्याच काठावर उभे नव्हतो. वाट मळलेली होती हे खरं. पिवळ्या पाट्याही होत्या. पण पाटी वेळ सांगते, आणि ती वेळ धडधाकट स्विस गुडघ्याची असते. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच वाईट कृती वाचल्या, पण नेमकं गरजेच्या पानावर कोरी निघालेली ही पहिलीच. हिचे ओठ थंडीने निळसर दिसायला लागले होते. समीक्षकाला राग येणं शोभत नाही. मला आला. आणि रागाखाली भीती होती, ती मी कुणाला दाखवली नाही.

"तुम्ही दोघं काय ते ठरवा," ही म्हणाली, "तोवर मी जरा नीट बसते." आणि तिने अंगाखालचं बस्कर सारखं करायला बाहेर ओढलं. दगड गार लागतात म्हणून निघताना तिने चपलांच्या कपाटातून एक जाड घडीचा कागद उचलून पिशवीत टाकला होता. जावईबापूंनी तो पाहिला आणि त्यांचा चेहराच बदलला. "आई, जरा उठता?"

तो स्विस सरकारचा पन्नास हजारांत एक प्रमाणाचा नकाशा होता. त्या स्विस पानाचं नाव काय असावं? 'कूर्मायोर'! शेजारच्या देशातल्या गावाचं. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्याच निगुतीने डोंगर काढलेले. खडकावर काळ्या रेषा, मातीवर तपकिरी, बर्फावर निळ्या. आम्ही धुक्यात तिघं डोकी घालून रेषा मोजल्या. ला प्यूल नावाची गुराख्यांची वस्ती पलीकडे २०७१ मीटरवर. म्हणजे दोन्हीकडे उतार जवळपास तेवढाच, वीस-वीस मीटरच्या तेवीस-चोवीस रेषा. पण इटलीकडे त्या खेटून उभ्या, आणि स्वित्झर्लंडकडे दुपारच्या वामकुक्षीसारख्या ऐसपैस पसरलेल्या. "पुढे," मी म्हणालो. सही करताना हात थरथरला नाही.

दोन तास लागले. धुक्यातून आधी गाईंच्या घंटा ऐकू आल्या, मग गोठा, मग गरम दूध. हिने पेला दोन्ही हातांत धरला तेव्हा कुठे माझ्या पोटातला गोळा उतरला.

त्या रात्री जावईबापूंनी सांगितलं की या स्विस नकाशेवाल्यांपैकी एकाने १९८० मध्ये सीमेजवळच्या एका फ्रेंच तळ्यात गुपचूप मासा काढून ठेवला होता, आणि २०११ मध्ये आणखी एकाने आलेच हिमनदीजवळच्या कड्याच्या रेषांत मार्मट नावाचा खारीच्या जातीचा प्राणी. वरिष्ठांना पत्ता नाही. मला त्या माशाचं फार बरं वाटलं. शेजाऱ्याच्या तळ्यात खोडी करायची तर आधी ते तळं काढायला तर हवं! यंत्रातल्या नकाशाने ते तळंच वगळलं असतं.

२०२१ पासून फ्रान्स आणि स्वित्झर्लंड दोघांनीही आपल्या नकाशांची माहिती फुकट खुली केली. तेव्हा जावईबापूंनी यंत्रात सगळं ठासून भरलं आणि पुढच्या खेपेला आम्हांला कोल द बाल्मवर नेलं. ही खिंड स्विस-फ्रेंच सरहद्दीवर. या वेळी कोरी जागा नव्हती, पण शिवण होती. पंचवीस हजारांत एक प्रमाणाच्या नकाशात फ्रेंच दर दहा मीटरला रेघ ओढतात, स्विस आल्प्समध्ये दर वीसला. म्हणजे सरहद्द ओलांडली की डोंगर निम्म्याने सोपा दिसतो! मी हे मोठ्या उत्साहाने हिला समजावून सांगत होतो. यंत्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं होतं, शिवण बोटाने दाखवत होतो.

"ते राहू दे," ही म्हणाली, "माझं बस्कर आणलंत का?"