'कना' : सोसण्याचं व्याकरण

सिंग्लिशमधल्या मलय शब्दांचा विषय निघाला की बहुतेक लेखक एक यादी पुढे करतात. 'माकान' म्हणजे जेवण, 'लेपाक' म्हणजे निवांत वेळ घालवणं, 'अगाक-अगाक' म्हणजे अंदाजपंचे. २०१६ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात 'लेपाक'ला जागाही मिळाली. यादी खोटी नाही. पण तिच्यामुळे असा समज होतो की जेवण इंग्रजीचं आणि मलय फक्त तोंडी लावण्यापुरती. आमचा आक्षेप आहे तो इथे.

'कना' हा शब्द घ्या. मलयमध्ये त्याचा अर्थ लागणं, बसणं. सिंग्लिशमध्ये तो क्रियापदाच्या आधी येतो: 'ही कना स्कोल्ड', म्हणजे त्याला बोलणी बसली. 'कना फाइन', म्हणजे दंड बसला. आता बघा, आपणही मराठीत मार बसला, फटका बसला म्हणतो. स्तुती बसली असं म्हणत नाही. 'कना'चंही तसंच. कुणाची स्तुती झाली तर तिथे 'कना' सहसा येत नाही, आला तर थट्टेने. म्हणजे आत आला तो नुसता शब्द नव्हे, वाक्याची एक घडणच आली. कर्ता कोण, हे सांगायची गरज नाही. सोसणारा कोण, ते मात्र सांगायलाच हवं.

सिंगापुरात २००० साली शुद्ध इंग्रजीची सरकारी मोहीम सुरू झाली. तिच्या शिस्तीत 'कना स्कोल्ड'चं 'वॉज स्कोल्डेड' होतं. व्याकरण सुधारतं, पण वाट्याला आल्याची कळ जाते. 'वॉज प्रेज्ड' आणि 'वॉज स्कोल्डेड' यांची घडण एकच; सुख-दुःखाचा भेद तिथे क्रियापदाच्या रूपात उरत नाही. मग हा दोष म्हणायचा, की इंग्रजीत नसलेली सोय?

आणखी एक गोष्ट. मलय ही सिंगापूरची राष्ट्रभाषा. राष्ट्रगीत मलयमध्येच आहे. एके काळी चिनी दुकानदार आणि तमिळ गिऱ्हाईक बाजारी मलयमध्ये बोलत. २०२०च्या जनगणनेत तिथल्या रहिवाशांपैकी मलय वंशाचे सुमारे १३.५ टक्के होते, आणि बाजारातली ती जागा आता मुख्यतः इंग्रजीने घेतली आहे. मलयचा अक्षरही न शिकलेला चिनी मुलगा आज 'कना' म्हणतो, तेव्हा त्या जुन्या शेजाराचं व्याकरण त्याच्या तोंडी असतं. म्हणून आम्ही म्हणतो, शब्द किती आले ते मोजून भागणार नाही. ते वाक्यात काय काम करतात, ते तपासायला हवं.