शासनाचे पर्यटन धोरण आणि मुंबई उपनगरातील लेणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यटनाच्या विकासात शासकीय धोरणाची भूमिका कोणती, या प्रश्नाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा अजिंठा-वेरूळ, कोकणचा किनारा आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या संदर्भात होत असते. १९९० साली अस्तित्वात आलेला मुंबई उपनगर जिल्हा या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक पाहता अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरीचे लेणे, बोरिवलीचे मंडपेश्वर आणि राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी ही चार स्थळे पश्चिम रेल्वेच्या अवघ्या काही स्थानकांच्या पट्ट्यात सामावलेली आहेत. धोरणाची परीक्षा घेण्यास हा पट्टा विशेष सोयीचा आहे. येथे नवे आकर्षण उभारावयाचे नाही, विमानतळ जवळ आहे, प्रवाशांची वानवा नाही. असे असूनही ही स्थळे राज्याच्या पर्यटन नकाशावर कडेला का राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धोरणाची भाषा

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली. केंद्राने पहिले राष्ट्रीय पर्यटन धोरण १९८२ मध्ये व त्यानंतरचे २००२ मध्ये जाहीर केले. राज्याची २००६, २०१६ आणि २०२४ ची धोरणे एकापाठोपाठ वाचली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. त्यांचा आत्मा औद्योगिक प्रोत्साहन योजनेचा आहे. २०१६ च्या धोरणाने २०२५ पर्यंत ३० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १० लाख रोजगार हे उद्दिष्ट ठेवले. २०२४ च्या धोरणाने दहा वर्षांत १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार. २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय झाला आणि हॉटेलांना वीज व अन्य आकारणी औद्योगिक दराने लागू होण्याचा मार्ग खुला झाला. मुद्रांक शुल्कात सूट, वीज शुल्कात माफी, कराचा परतावा ही या धोरणांची मुख्य साधने होत.

ही साधने निरुपयोगी आहेत असे म्हणता येणार नाही. कोकणातील लहान हॉटेल-व्यावसायिकास त्यांचा लाभ होऊ शकतो. परंतु लेण्याला मुद्रांक शुल्क भरावे लागत नाही. त्याला वाट हवी असते, भोवतालच्या सांडपाण्याचा निचरा हवा असतो, माहिती सांगणारा मनुष्य हवा असतो. यांपैकी एकही गोष्ट करसवलतीतून निर्माण होत नाही.

अधिकारांची गुंतागुंत

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यटन हा विषय स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत आहेत, तर वने १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेली. रस्ते, गटारे व कचरा हे महापालिकेचे काम. परिणामी उपनगरातील प्रत्येक लेण्याला दोन-तीन धनी आहेत, आणि ज्या खात्याच्या नावात पर्यटन आहे ते त्यांपैकी एकही नाही.

कान्हेरीचे उदाहरण बोलके आहे. शंभराहून अधिक लेणी, इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षांचा वापर, सोपारा आणि कल्याण येथील दात्यांचे उल्लेख असलेले शिलालेख असे हे स्थळ. इ.स. १००९ आणि १०२१ या वर्षांचे पहलवी लेखही येथे आहेत. पारशी अभ्यागतांनी आपली नावे येथे कोरून ठेवली. (आज असे केल्यास दंड होईल, हा भाग निराळा.) डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठविण्याची येथील प्राचीन व्यवस्था अभ्यासकांना आजही थक्क करते. मात्र लेणी केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची आणि जंगल वनविभागाचे. अभ्यागत उद्यानाच्या दारात एक तिकीट काढतो व लेण्यांच्या दारात दुसरे. मे २०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेला येथे अभ्यागतांसाठीच्या सुविधांचे उद्घाटन झाले, ते राष्ट्रीय संस्कृती निधीतून, इंडियन ऑइल फाउंडेशनच्या साहाय्याने. लेणी वनाच्या गाभा क्षेत्रात असल्याने वीज व नळाचे पाणी नाही, म्हणून सौर संच, जनित्र आणि कूपनलिका यांची सोय करावी लागली. ज्या डोंगराने शतकानुशतके भिक्षुसंघाला पाणी पुरविले, तेथे ही वेळ यावी यातच बरेच काही आले. याच उद्यानातील ‘वनराणी’ ही छोटी आगगाडी मे २०२१ च्या तौक्ते वादळात रुळांची हानी होऊन बंद पडली, ती तीन वर्षांहून अधिक काळ बंदच राहिली. उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना डिसेंबर २०१६ ची. त्यानुसार दोन वर्षांत क्षेत्रीय आराखडा होणे अपेक्षित होते. तो त्या मुदतीत झाला नाही. उद्यानातील नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा येथील आदिवासी कुटुंबांना या सर्व व्यवस्थेत स्थान काय, याचे उत्तर पर्यटनाच्या कागदपत्रांत शोधूनही हाती लागत नाही.

जोगेश्वरी : खरा पेच

याहून कठीण प्रश्न जोगेश्वरीचा आहे. सहाव्या शतकातील हे शैव लेणे वॉल्टर स्पिंक यांच्या कालनिर्णयानुसार घारापुरीच्या आधीचे ठरते. लकुलीश, शिव-पार्वती विवाह आणि सारीपाट खेळणारे शिव-पार्वती यांची झिजलेली शिल्पे आजही ओळखू येतात. घारापुरीला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला व गेटवेवरून बोटी सुटू लागल्या की थेट पर्यटक तेथे पोहोचतो. जोगेश्वरीत मात्र दाट वस्तीच्या गल्ल्यांतून वाट काढावी लागते, आणि वरच्या वस्तीचे पाणी लेण्यात झिरपण्याची तक्रार जुनी आहे.

या अवस्थेचे खापर वस्तीवर फोडण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित केले. मोकळ्या माळावरील किल्ल्यासाठी हा नियम योग्यच म्हणावा लागेल. परंतु जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर या ठिकाणी या वर्तुळात हजारो कुटुंबे राहतात. त्यांच्या जीर्ण चाळी व इमारती यांचा पुनर्विकास या नियमामुळे अडतो. म्हणजे लेण्याचा शेजार त्यांना केवळ तोट्याचा ठरतो. तेथे येणाऱ्या पाहुण्याकडून मिळणारा रोजगार मात्र नाममात्र. ज्याला स्मारकामुळे घर नव्याने बांधता येत नाही, त्याने त्याचा अभिमान बाळगावा ही अपेक्षा कठोर आहे. तरीही जोगेश्वरी देवीची पूजा येथे अखंड चालू आहे आणि महाशिवरात्रीला गर्दी लोटते. हा भाविक शासनाच्या दृष्टीने पर्यटक आहे की नाही, हे धोरण स्पष्ट करीत नाही. तो हॉटेलात उतरत नाही एवढे खरे.

शासनाची इच्छाशक्तीच नव्हती, असेही नाही. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात २००० नंतरच्या दशकात हजारो एकरांवर पर्यटनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. कोळी व शेतकरी ग्रामस्थांच्या तीव्र विरोधामुळे तो बारगळला. मोठी खासगी गुंतवणूक दिसली तेथे यंत्रणा हलली. चार लेण्यांच्या बाबतीत तशी हालचाल झाली नाही.

समन्वय अशक्य आहे, हा युक्तिवाद मात्र मान्य होण्यासारखा नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९२ पासून राबविलेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पात स्मारक संवर्धन, वनीकरण, रस्ते, पाणीपुरवठा आणि विमानतळ ही निरनिराळ्या खात्यांची कामे एकाच चौकटीत आणली गेली. फर्दापूर तिठ्यावर खासगी वाहने थांबवून पुढे बसने जाण्याची शिस्त त्यातूनच आली. त्या प्रकल्पातही उणिवा राहिल्या, परंतु खात्यांना एका टेबलाशी बसविता येते हे त्याने दाखविले. तेथे परदेशी कर्जाच्या अटी होत्या. उपनगरात तसा दाब नाही, हाच काय तो फरक.

दरम्यान पर्यटन खात्याशी संबंध नसलेला एक बदल घडून गेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी पूर्व ते दहिसर पूर्व ही मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तिच्यावर ‘जोगेश्वरी (पूर्व)’ व ‘राष्ट्रीय उद्यान’ अशी दोन स्थानके आली. आता स्थानकापासून लेण्यापर्यंतच्या वाटेचा प्रश्न उरतो, आणि तो राज्याच्या धोरणापेक्षा जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. उपनगर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पुरातत्त्व सर्वेक्षण, वनविभाग, महापालिका आणि प्रतिबंधित क्षेत्रातील रहिवाशांचे प्रतिनिधी यांची एक कायम समिती नेमण्यास नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिच्यापुढील पहिला विषय जोगेश्वरीच्या लेण्याभोवतीची गटारे हा असावा, आणि दुसरा तेथील चाळींची दुरुस्ती.