दोर कुठे बांधलाय?

सिनेमावरून केलेल्या गेमला चांगलं म्हणायची समीक्षकांना सवय नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. १९८२ मध्ये हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला अटारी कंपनीने 'ई.टी.'चा गेम नाताळाच्या बाजारासाठी जेमतेम साडेपाच आठवड्यांत लिहायला लावला. न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला गेला आणि २०१४ मध्ये तो खरोखर उकरून काढण्यात आला. सिनेमाची तारीख हलत नाही, म्हणून गेम अर्धाकच्चा निघतो, पोस्टरच्या जोरावर खपतो आणि महिन्याभरात विसरला जातो. या धंद्याची रीतच ती.

या रीतीला मोठा अपवाद ठरला तो ट्रेआर्क स्टुडिओचा 'स्पायडर-मॅन २'. जून २००४ मध्ये, अमेरिकेत सिनेमा झळकायच्या दोन दिवस आधी, तो बाजारात आला. प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स आणि गेमक्यूब या तिन्ही यंत्रांवर त्याला शंभरात ऐंशीच्या आसपास गुण मिळाले. सिनेमावाल्या गेमला हे म्हणजे डिस्टिंक्शनच. पण ती परीक्षणं आज पुन्हा वाचली तर तक्रारीच जास्त भरतात. मारामारी तीच ती, कॅमेरा भिंतीत अडकतो, मुलाचा फुगा पकडून द्यायचं काम दर चार गल्ल्यांनी पुन्हा समोर येतं. पिझ्झा पोहोचवताना लागणारं इटालियन गाणं तर काही केल्या डोक्यातून जात नाही. मग गुण कशाचे? झोक्याचे.

हा झोका नीट समजून घ्यायचा तर मॅनहॅटनपेक्षा मावळ बरा. कुरवंड्याच्या वरच्या नागफणीवर, म्हणजे ड्यूक्स नोजवर, व्हॅली क्रॉसिंगला गेलेला माणूस हार्नेस चढवतानाच विचारतो, दोर कुठे बांधलाय? दोन्ही टोकांचे अँकर पाहिल्याशिवाय शहाणा माणूस कड्यावरून पाय उचलत नाही. पुली सुटली की पहिला टप्पा आपोआप होतो. पण दोराला मधे झोळ असतो. सगळ्यात खालचा बिंदू ओलांडला की वेग मरत जातो, आणि तिथून पलीकडचा चढ हातांनी दोर ओढत काढावा लागतो. खालची दरी खरी आहे हे कळतं ते त्या ओढण्यात.

२००२ च्या 'स्पायडर-मॅन' गेममध्ये जाळं वर कुठेतरी आभाळाला चिकटायचं. दोन वर्षांनी ट्रेआर्कच्या जेमी फ्रिस्ट्रम यांनी ते खऱ्या इमारतीला चिकटवलं, आणि लंबकाची गती, सुटण्याची वेळ, अंगाचा भार हे सगळं हिशेबात आलं. झोका कोणत्या क्षणी सोडला यावर पुढची उडी उंच जाणार की लांब, हे ठरू लागलं. सेंट्रल पार्कवर आलं की उंच इमारती संपतात आणि महाशय जमिनीवर येऊन धावू लागतात. तिथेच शहर हाताला लागतं. शहराचा नकाशा केवढा मोठा आहे याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. नकाशाने कुठेतरी नाही म्हणायला हवं, तरच तो खेळ होतो.

आपल्याकडे मात्र याच नावाने घोटाळा झाला. कॉम्प्युटरवर निघालेला 'स्पायडर-मॅन २' हा वेगळ्याच स्टुडिओने, वेगळ्याच वयाच्या मुलांसाठी केलेला वेगळाच गेम होता. नाव तेच, पोस्टर तेच, पण झोका फक्त ठरवून दिलेल्या जागांवरून घेता यायचा. समीक्षकांनी त्याला यथेच्छ झोडपलं. घरात कन्सोल नसलेल्या, सायबर कॅफेत तासावर पैसे भरून खेळणाऱ्या पोरांच्या वाट्याला यायचा तो हाच. 'स्पायडर-मॅन २' भंकस होता असं कुणी म्हणालं, तर आधी विचारावं, बाबा रे, कशावर खेळलास?

सुपरमॅनचं दुखणं नेमकं उलटं. 'सुपरमॅन रिटर्न्स'चा गेम २००६ मध्ये ईए टिब्युरॉनने केला. सिनेमाची तारीख चुकली आणि तो नोव्हेंबरात आला. त्यातली एक कल्पना नामी होती. नायकाला इजा होत नाही, म्हणून आयुष्याची पट्टी शहराला दिली होती. महानगर पडलं की तुम्ही हरलात. पण ते महानगर इतकं ओसाड होतं की ते वाचवायची इच्छाच होईना, आणि शेवटचा शत्रू म्हणून समोर आलं एक चक्रीवादळ. समीक्षकांनी तो निकालात काढला, ते योग्यच झालं. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग करणारे लोक वारा जुळेपर्यंत पंख पसरून बसून राहतात, कधी कधी तसेच परत जातात. सुपरमॅनला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. अडवणारं काही नसलं की उडण्यातली गंमत दहा मिनिटांत विटते.

पुढचा काळ बीनॉक्स स्टुडिओचा. २०१२ चा 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' सिनेमाच्या कथेनंतर सुरू होतो. त्यामुळे त्यांना थोडी मोकळीक मिळाली आणि परीक्षणंही बऱ्यापैकी आली. जाळं मात्र पुन्हा आभाळाला. २०१४ च्या दुसऱ्या भागात ते इमारतींवर परत आलं, आणि डाव्या-उजव्या हाताला वेगवेगळे ट्रिगर मिळाले. तरीही गुण घसरले. कारण होतं नायक की उपद्रवी हे ठरवणारी एक यंत्रणा. वाटेतले गुन्हे सोडवले नाहीत तर शहर तुमच्यावर उलटतं आणि गस्तीची पथकं झोक्याच्या आड येतात. मोकळं जग देऊन त्यात रमणाऱ्याला शिक्षा करायची, हा अजब न्याय. समीक्षकांनी या यंत्रणेवर धरलेला राग मला पटतो. पण त्या रागाच्या भरात दोन हातांच्या झोक्याचं कौतुक झाकलं गेलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये इन्सॉम्निॲकचा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' आला आणि या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली. तो कुठल्याच सिनेमाला बांधलेला नव्हता, यातच बरंच काही आलं.

आता घरचं. 'रा.वन' हा सिनेमाच एका गेमच्या निर्मात्यावर होता. गेममधला खलनायक पडद्याबाहेर येतो, ही त्याची कथा. अशा सिनेमाचा गेम म्हणजे चालून आलेली संधी होती. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने केलेला आणि सोनीने आणलेला 'रा.वन: द गेम' निघाला साधा मारामारीचा. तो प्लेस्टेशन २ वरही आला. ते यंत्र तेव्हा अकरा वर्षांचं झालं होतं, पण आपल्या बाजाराला परवडणारं तेच होतं. 'क्रिश ३'चा गेम २०१३ मध्ये आला. मोकळ्या शहरात हिंडणं दोन्हींत नाही. या दोन्ही गेमचं कौतुक झालं ते देशी म्हणून, नावं ठेवली गेली तीही देशी म्हणून. उडी मारल्यावर नायक जमिनीवर किती वजनाने येतो, हे कुणी तपासलं?

लोणावळ्याहून घाट उतरला की खोपोलीजवळ इमॅजिका लागतं. तिथली 'मिस्टर इंडिया'ची राइड हा याच घराण्यातला प्रकार. आसन हलतं, पडद्यावर पाठलाग चालतो, पोरं ओरडतात. मजा येते. हातात मात्र काहीच नसतं, आणि राइड आणि गेम यांत फरक तो एवढाच.

पुण्यात या कामाचं कसब आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. चित्रांना सगळ्यांनी वाखाणलं, तर लढाईचा अडखळता हात आणि अचानक येणारा शेवट यांवर बोट ठेवलं. समीक्षा अशी हवी. सुपरगेमिंगचा 'इंडस'ही पुण्याचाच. पण 'राजी'चे महाल राजस्थानी वळणाचे आहेत आणि 'इंडस' घडतो तो एका कल्पित ग्रहावर. मावळ दोन्हींत नाही. निखिल महाजन दिग्दर्शित, श्रेयस तळपदेचा 'बाजी' (२०१५) हा मराठीतला मुखवट्याचा, घोड्यावरचा सुपरहिरो. त्याच्यावर गेम करायचा तर नकाशा शोधायला लांब जायला नको. लोहगडाच्या विंचूकाट्याची चिंचोळी सोंड, समोरचा विसापूर, पलीकडे तुंग-तिकोना आणि मधे पवनेचं पाणी. तुंगाच्या सुळक्यावर घोडा चढत नाही, उतरावंच लागतं. इथला डोंगर पावलोपावली नाही म्हणतो.

मराठीत सिनेमाला तारे मिळतात, नाटकाला सविस्तर परीक्षण मिळतं. गेमच्या वाट्याला 'ग्राफिक्स भारी, स्टोरी ठीक' एवढंच येतं. झोका कसा लागतो, उडी कुठे फसते, दहाव्या तासाला कंटाळा का येतो, हे सांगायला मराठी पुरेशी समर्थ आहे. दरीवरच्या दोराबद्दल गिर्यारोहक इतकं काटेकोर बोलतात, त्याच काटेकोरपणे गेमबद्दलही बोलता येईल. पण त्यासाठी गेम खेळायला मिळाला पाहिजे. परवाने संपले म्हणून ॲक्टिव्हिजन या प्रकाशक कंपनीचे स्पायडर-मॅन गेम जानेवारी २०१७ मध्ये ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले गेले. त्यांचे सिनेमे आजही सहज सापडतात, गेमच्या मात्र जुन्या डिस्कच उरल्या आहेत. तेव्हा तळेगाव, वडगाव, लोणावळ्यात कुणाच्या माळ्यावर प्लेस्टेशन २ आणि 'स्पायडर-मॅन २'ची, अगदी 'रा.वन'चीही, डिस्क पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका.