परदेशातील आजारपण आणि आमचे वाङ्मय

मराठी गद्यात प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे आणि तिचा आम्हांस अभिमानही आहे. परंतु प्रवासी हा पाहुणा असतो. तो काही आठवडे हिंडतो, पाहतो, परत येतो आणि लिहितो. ज्या देशात तो जातो त्या देशावर विसंबून राहण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. परदेशी वस्ती करणाऱ्याची गोष्ट निराळी. तो कधी ना कधी तापाने फणफणतो, आणि आपला देह अनोळखी माणसांच्या हाती सोपविण्याची पाळी त्याच्यावर येते. आज बडोदे, इंदूर, बेळगाव किंवा पणजी येथील मराठी घरांतून मुले परदेशी गेलेली आहेत आणि वृद्ध आईबाप त्यांच्याकडे काही महिने राहून येतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक झाला असता त्याविषयीचे आमचे लेखन मात्र बेताचेच आहे. दिवाळी अंकांतून येणाऱ्या लेखांत एक तर तेथील टापटिपीची स्तुती असते, नाही तर खर्चाची तक्रार असते. ह्या दोहोंपलीकडे अशा लेखनाने काय साधावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही एक जुने व सर्वपरिचित चरित्र समोर ठेवीत आहो.

ते चरित्र डॉ. आनंदीबाई जोशी यांचे होय. ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि वैद्यकीय मदतीच्या अभावाचे ते दुःख त्यांच्या शिक्षणाचे एक कारण ठरले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि मार्च १८८६ मध्ये पदवी मिळविली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेतच त्या १८८६च्या अखेरीस मायदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास निवर्तल्या.

शाळेत आम्ही हे चरित्र ‘पहिली स्त्री डॉक्टर’ या एका वाक्यात शिकवितो. त्या वाक्यात डॉक्टर येते, रुग्ण येत नाही. वस्तुतः अमेरिकेस जाण्यापूर्वीपासूनच आनंदीबाईंची प्रकृती बरी नव्हती. डोकेदुखी, अधूनमधून ताप, अशक्तपणा, धाप या तक्रारी होत्याच. त्या बंगालमध्ये असताना थिओडोशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी त्यांच्यासाठी अमेरिकेहून औषधे पाठविली होती व त्यांचा गुण आला नव्हता. म्हणजे परक्या वैद्यकाशी त्यांचा पहिला संबंध विद्यार्थिनी म्हणून आला नसून रुग्ण म्हणून, आणि तोही टपालाने, आला होता. पुढे फिलाडेल्फियाची थंडी आणि परका आहार यांत ती प्रकृती अधिकच ढासळली.

ह्या आजाराचे काय झाले, हे त्यांच्यावरील पुस्तकांत पाहण्यासारखे आहे. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ साली त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकरांनी त्यांच्या पत्रांच्या आधारे मराठीत चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि तिने हे नाव घरोघरी पोहोचविले. ह्या लेखनाचे ऋण आम्ही मानतो. परंतु कादंबरीचे बळ पती-पत्नींच्या विलक्षण नात्याच्या चित्रणात आहे, आणि त्यामुळे आजार हा शोकांतिकेचा अखेरचा अंक बनतो. वाचकाचे डोळे पाणावतात. मात्र आजारी माणसाला त्या परक्या गावात काय काय करावे लागले, कोणास सांगावे लागले, कोणत्या शब्दांत सांगावे लागले, हे प्रश्न त्या अश्रूंत वाहून जातात. आजाराला एकदा त्यागाचे रूप दिले की त्याचा तपशील लिहिण्याची लेखकास गरज उरत नाही, आणि आमच्या वाङ्मयास ही सवय फार लवकर जडली, असे आमचे मत आहे.

तपशील का हवा, हे एका गोष्टीवरून ध्यानी येईल. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध मार्च १८८२ मध्ये जाहीर केला. त्यावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसीन मात्र १९४३ साली हाती आले. कारण कळले आहे परंतु उपाय नाही, अशा काळात आनंदीबाई वैद्यक शिकत होत्या. जे शास्त्र त्या आत्मसात करीत होत्या, त्याच्या मर्यादा त्यांच्याच देहावर सिद्ध होत होत्या. ही केवळ करुण घटना नव्हे. ज्ञान आणि सामर्थ्य यांत किती अंतर असू शकते, याचा तो वस्तुपाठ आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या भाषेत दुखण्याचा संसार मोठा आहे. कळ निराळी, ठणका निराळा, चमक निराळी. कणकण म्हणजे ताप नव्हे. अंग मोडून येणे म्हणजे अंगदुखी नव्हे. पोटात गोळा उठतो, मुरडा येतो, पित्त खवळते, एखादा पदार्थ बाधतो. परदेशातील दवाखान्यात मात्र रुग्णास पुष्कळदा सांगण्यात येते, की वेदनेला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्या. जन्मभर ‘ठणकते आहे’ म्हणणाऱ्या वृद्धेने ठणक्याला किती गुण द्यावेत? तशीच पथ्याची गोष्ट. ‘काय खाऊ नको?’ या तिच्या प्रश्नास ‘काहीही खा’ असे उत्तर मिळाले, की डॉक्टरने आपल्याकडे लक्षच दिले नाही, असे तिला वाटते. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषी विनामूल्य पुरवावा लागतो, ही चांगली सोय आहे. पण दूरध्वनीवरचा दुभाषी ‘कणकण’ या शब्दाचे काय करीत असेल, हे लिहावयास मराठी लेखकच हवा. इतर कोणास तो प्रश्नच पडणार नाही.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची, आणि येथे आनंदीबाईंच्याच नात्यातील पंडिता रमाबाई यांचे स्मरण होते. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूने. श्रवणदोषामुळे तो बेत सोडावा लागला. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. राज्यपद्धती, शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे पाडून त्या देश समजावून सांगतात. परक्या समाजाने परस्परसाहाय्याची घडी कशी बसविली आहे, हे पाहण्याची नजर त्या ग्रंथात आहे. आजारपणावरील लेखनास नेमकी हीच नजर हवी.

कारण आजारी परदेशस्थास प्रथम भेटते ती व्यवस्था. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा चालू आहे. तेथे थेट तज्ज्ञाकडे जाता येत नाही. आधी आपल्या वस्तीतील डॉक्टरकडे नाव नोंदवावयाचे, आणि तज्ज्ञाकडे धाडणे हे सहसा त्याच्या हाती. सहा महिन्यांहून अधिक काळ राहावयास येणाऱ्या बहुतेक परदेशीयांना २०१५ पासून व्हिसाबरोबरच आरोग्यशुल्क भरावे लागते. थोड्या मुदतीच्या पाहुण्यास रुग्णालयातील बहुतेक उपचारांचे पैसे पडतात. अमेरिकेत विमा हा सर्व व्यवहाराचा कणा आहे. १९८६च्या कायद्याने तातडीच्या विभागात आलेल्याची ऐपत न पाहता तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक केले. पण बिल त्यानंतर येतेच, आणि रुग्णालयाचे, डॉक्टरचे, तपासण्यांचे अशी ती पुष्कळदा वेगवेगळी येतात. ब्रिटनमधील रांग आणि अमेरिकेतील बिल यांवर रागावणे सोपे आहे. रांग कोणत्या न्यायाने लागते आणि बिल कोणत्या हिशेबाने होते, हे समजावून सांगणारा लेखक वाचकास अधिक उपयोगी.

आमच्याकडे रुग्णाच्या उशाशी नातेवाईक बसतो. औषध आणणे, पेज भरविणे, कुशीवर वळविणे ही कामे त्याची. तिकडे ही कामे परिचारिकेची असतात व नातेवाइकाने बहुधा ठरल्या वेळी भेटून जावयाचे असते. यास निष्ठुरपणा म्हणणारे लेख आम्ही वाचले आहेत. परंतु ज्याला कोणीच नातेवाईक नाही त्याला ह्या पद्धतीत इतरांइतकीच शुश्रूषा मिळावी, असा तिच्यामागे हेतू आहे, हेही सांगितले पाहिजे. उलट, रात्री एकाकी पडलेल्या रुग्णास उशाशी आपले माणूस नसल्याची जी पोकळी जाणवते, ती खोटी ठरविण्याचेही कारण नाही. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच लेखात मावते.

सीमाभागातील वाचकांस हे दूरचे वाटू नये. स्वतःच्या गावात राहूनही जेथे अर्ज एका भाषेत, पाटी दुसऱ्या भाषेत आणि दुखणे तिसऱ्या भाषेत असते, तेथील माणसाला परक्या दवाखान्याचा अर्थ अर्धा आधीच ठाऊक असतो. समोरची परिचारिका मायाळू असूनही शब्द मध्ये अडतो, हे तो जाणतो. म्हणून असे लेखन आपल्या केंद्रांतून अधिक यावे, अशी आमची अपेक्षा आहे. शिक्षकांनी वर्गात आनंदीबाईंचा पाठ घेताना त्यांच्या पदवीबरोबर त्यांच्या आजाराचाही विचार करावा. परदेशी राहून आलेल्या आईबापांकडून मुलांनी तेथील दवाखान्याची हकिकत लिहून आणावी, आणि ती त्यांच्याच शब्दांत, ‘कणकण’ आणि ‘ठणका’ न गाळता.

आनंदीबाईंची रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. ज्या घराने त्यांना औषधे पाठविली त्याच घराने त्यांना अखेरची जागा दिली. परक्या देशात आजारी माणसास कोण आपले ठरते, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे आहे. त्या उत्तराचा सविस्तर शोध घेणारे मराठी पुस्तक पुढेमागे लिहिले गेल्यास आम्ही ते आनंदाने विद्यार्थ्यांच्या हाती देऊ.