टॉवेलवरची चिठ्ठी आणि मागीलदार

गेल्या हिवाळ्यात आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, म्हणून मुलांनी आम्हा दोघांना पाच दिवसांसाठी मालदीवच्या एका बेटावर पाठवलं. बेट म्हणजेच हॉटेल आणि हॉटेल म्हणजेच बेट, असा तिथला प्रकार. हॉटेलचं नाव सांगत नाही. माझी तक्रार त्या एका हॉटेलबद्दल नाही आणि पाहुणचारात त्यांनी काडीची कसूर केली नाही.

निघण्याच्या आठवड्यातच गावाहून चुलतभावाचा निरोप आला होता. वेंगुर्ल्याजवळ आमची थोडी सामायिक जमीन आहे: माड, काजू आणि पुढे वाळू. सातबारावर अकरा नावं. ती जमीन कोणाला तरी 'पर्यावरणस्नेही' रिसॉर्टसाठी हवी आहे. सोबत गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक होतं आणि दादाच्या दोन ओळी : "तू दर्याच्या पाण्याच्या कारखान्यात आसस, तुका ह्यातला कळता. वाच आणि सांग, सही करूची काय नाय." मी सव्वीस वर्षं आखातात समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लँटवर काम करतो, त्यामुळे ही जबाबदारी माझ्यावर आली. तेव्हा सहल जरी मुलांच्या खर्चानं असली, तरी डोक्यात एक काम घेऊनच मी बेटावर उतरलो.

खोलीत पलंगावर टॉवेलांचा हंस करून ठेवला होता आणि हंसाच्या गळ्यात एक चिठ्ठी. तिचा मराठी अर्थ असा : 'प्रिय पाहुणे, हा समुद्र जितका आमचा तितकाच तुमचाही आहे. टॉवेल दांडीवर ठेवलात तर तो तुम्ही पुन्हा वापरणार असं आम्ही समजू. खाली टाकलात तर बदलून देऊ. पृथ्वी तुमची आभारी आहे.'

शाळेत आपल्याला 'ओळींचा अर्थ स्पष्ट करा' असा प्रश्न असायचा. त्याच पद्धतीनं ही चिठ्ठी वाचून पाहू. पहिल्या वाक्यात समुद्राची मालकी वाटून टाकली आहे. पण त्या बेटाच्या किनाऱ्यावर हॉटेलचा पाहुणा किंवा नोकर नसलेला मनुष्य सहसा पाय ठेवू शकत नाही. पुढच्या दोन वाक्यांत करायचं ते सगळं पाहुण्यानं करायचं आहे. हॉटेल फक्त 'समजणार' आहे. आणि शेवटी पृथ्वीचे आभार. पृथ्वीचं वकीलपत्र हॉटेलनं कधी घेतलं, हे चिठ्ठीत नाही. टॉवेल न धुतल्यानं वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हेही नाही. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

या चिठ्ठीला इतिहास आहे. जे वेस्टरवेल्ड नावाचा एक अमेरिकन तरुण १९८३ साली फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये गेला होता. तिथे त्यानं असंच आर्जव वाचलं : आमचे प्रवाळ वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. आणि तेच रिसॉर्ट त्याच वेळी आणखी बंगले बांधून वाढत होतं. पुढे १९८६ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यानं या वृत्तीला 'ग्रीनवॉश' असं नाव दिलं. आज तेल कंपन्यांपासून कापडगिरण्यांपर्यंत सगळ्यांवर फेकला जाणारा हा शब्द मुळात समुद्रकाठच्या हॉटेलातल्या टॉवेलावरून आला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

चिठ्ठीचा उपयोग होतच नाही, असं मात्र नाही. २००८ साली गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या अमेरिकी संशोधकांनी एका हॉटेलात वेगवेगळ्या चिठ्ठ्या ठेवून पाहिल्या. 'पर्यावरण वाचवा' असं लिहिलं तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'बहुसंख्य पाहुणे असं करतात' असं लिहिलं तेव्हा सुमारे ४४ टक्क्यांनी. म्हणजे पृथ्वीपेक्षा शेजाऱ्याची लाज माणसाला अधिक असते. चिठ्ठी लिहिणाऱ्यांना माणूस कळलेला आहे. प्रश्न असा, की ही हुशारी ते कशासाठी वापरतात?

आता माझ्या धंद्यातला हिशेब. समुद्राचं एक हजार लिटर पाणी आर.ओ. पद्धतीनं गोडं करायला साडेतीन-चार युनिट वीज लागते. लहान प्लँटला त्याहून थोडी जास्त. बेटावर वीज येते ती बहुतांशी डिझेलच्या जनरेटरमधून, आणि एक लिटर डिझेलपासून साधारण साडेतीन युनिट मिळतात. सोपं सूत्र म्हणजे हजार लिटर पाणी, लिटरभर डिझेल. शिवाय प्रत्येक लिटर गोड्या पाण्यामागे दीड लिटरच्या आसपास जास्त खारट पाणी परत समुद्रात जातं. ते कुठे आणि किती खोल सोडलं, यावर जवळच्या प्रवाळांचं बरंवाईट अवलंबून असतं.

एका माणसाचे दिवसाचे टॉवेल किलोभर धरले तर धुवायला पंधरा लिटर पाणी, म्हणजे चमचे-दोन चमचे डिझेल. खरा खर्च पाणी तापवण्याचा आणि यंत्रात टॉवेल वाळवण्याचा. सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास. आम्ही दोघांनी पाच दिवसांत चार वेळा टॉवेल बदलून घेतले नाहीत, म्हणजे दोन लिटर डिझेल वाचलं. आमच्या व्हिलातला एसी दिवसरात्र चालू असे. सरकती काच उघडी ठेवून समुद्राचा आवाज ऐकायचा आणि आत गारवाही हवा, अशी ती रचनाच होती. तो दिवसाला पंचवीस-तीस युनिट तरी खात असणार. म्हणजे रोज सात-आठ लिटर डिझेल. त्याबद्दल चिठ्ठी नव्हती. आणि आमच्या गावाहून मालेपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरचं विमान, जाऊन-येऊन सहा हजार. माणशी शंभर किलोमीटरला तीन लिटर इंधन धरलं, तर आम्हा दोघांचं ३६० लिटर. माझा हिशेब ढोबळ आहे, पण दोन आणि तीनशे साठ यांतला फरक ढोबळपणानं मिटणारा नाही. आणि त्या तीनशे साठातला प्रत्येक लिटर माझा आहे, हॉटेलचा नाही, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी मी 'मागची बाजू बघायची आहे' असं सांगितलं. आमच्या कोकणातल्या घरात पुढीलदार आणि मागीलदार असं दोन्ही असतं. पुढीलदारी रांगोळी, तुळस, पाहुणे. मागीलदारी विहीर, न्हाणीचं पाणी, उकिरडा, गोठा. मुलगी द्यायच्या आधी जाणती बाई एखादं निमित्त काढून मागीलदारी डोकावून यायची. घर कसं आहे ते तिथे कळतं.

हॉटेलच्या मागीलदारी मला एका मल्याळी तंत्रज्ञानं नेलं. धंदाबंधू म्हणून त्यानं मोकळेपणानं सगळं दाखवलं. पाण्याचा प्लँट नीटनेटका होता. त्याच पाण्याच्या काचेच्या बाटल्या तिथेच भरल्या जात होत्या, म्हणून बेटावर प्लॅस्टिकची बाटली दिसत नव्हती. हे काम खरं, आणि त्याची जाहिरात जेमतेम होती. सांडपाणी शुद्ध करून बागेला दिलं जात होतं, तेही चांगलं. नोकरांच्या चाळीच्या छपरावर सौर पट्ट्या होत्या. दुपारच्या विजेचा थोडा वाटा त्या उचलत. पण तीन जनरेटरांचा घरघराट आमच्या व्हिलापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये दाट झाडी लावली होती. माहितीपत्रकात तिला 'पक्ष्यांसाठी राखलेलं वन' म्हटलं होतं.

स्वयंपाकघरामागे खोकी रचलेली होती : स्ट्रॉबेरी, ऑस्ट्रेलियाचं मांस, नॉर्वेचा सामन मासा. ज्या देशाचा टूना जगभर जातो, तिथे नॉर्वेचा मासा! कचऱ्याचं विचारलं तर तो म्हणाला, ओला इथेच जिरवतो, बाकीचा बोटीनं जातो. 'कुठे?' याचं उत्तर त्यानं हातानं दिलं : तिकडे. मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेट आहे. १९९२ पासून तिथे कचऱ्याची भर घालून उथळ समुद्रात जमीन उभी केली गेली आणि वर्षानुवर्षं तिथला धूर लांबून दिसत असे. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो तेव्हा पाहुणे उठायच्या आत काही मजूर नळीनं समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर टाकत होते. मालदीवच्या बेटांची वाळू मोसमी वाऱ्यांबरोबर बेटाभोवती फिरते. सहा महिने या अंगाला, सहा महिने त्या अंगाला. आमच्याकडेही पावसाळ्यात समुद्र वाळू नेतो आणि नंतर आणून टाकतो. पण बाराही महिने प्रत्येक व्हिलासमोर पुळण हवी म्हटलं की बांध घालावे लागतात, आणि बांध घातले की वाळूची वाट मोडते. मग रोज पहाटे ती उपसून टाकावी लागते. गढूळ पाणी ज्या प्रवाळांवर बसतं, त्यांच्याच शेजारी 'एक प्रवाळ दत्तक घ्या' म्हणून लोखंडी सांगाडे मांडलेले होते. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून मालदीवचे प्रवाळ पांढरे पडले. त्याला कारण कोणा एका हॉटेलचं नाही. पण तापानं खचलेल्या रोग्याच्या डोळ्यांत धूळ टाकू नये, एवढं तरी पाळता येतं.

मग सगळंच थोतांड का? नाही. त्याच देशात सोनेवा फुशी नावाचं, १९९५ साली सुरू झालेलं महागडं रिसॉर्ट आहे. त्यांनी २००८ साली बाहेरून येणारं बाटलीबंद पाणी बंद केलं आणि पाहुण्यांच्या बिलावर दोन टक्के पर्यावरण-आकार सक्तीचा केला. त्या पैशातून तमिळनाडूत एक पवनचक्की उभी राहिली, म्यानमारमध्ये कमी लाकूड जाळणाऱ्या चुली वाटल्या गेल्या. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. त्यांच्या कार्बनच्या हिशेबात पाहुण्यांचा विमानप्रवासही धरला जातो. तो आकडा हॉटेलला शोभा देणारा नाही, तरी वहीत आहे. दूर ताहितीकडे टेटिआरोआ बेटावरच्या, मार्लन ब्रँडोच्या नावाच्या रिसॉर्टमध्ये २०१४ पासून सुमारे ९०० मीटर खोलीवरचं थंड समुद्रजल वर आणून खोल्या गार केल्या जातात. बोराबोरा इथल्या एका हॉटेलात हेच २००६ पासून होतं. एसी हा खरा राक्षस आहे हे ओळखून त्यांनी त्यालाच हात घातला. या दोन्ही ठिकाणी विमानानंच जावं लागतं, तेव्हा त्यांनाही निर्दोष म्हणता येणार नाही. पण मोठा खर्च कुठला आणि छोटा कुठला, याचा क्रम त्यांनी बदललेला नाही. आमच्या चिठ्ठीनं तो बदलला होता. आमच्या हॉटेलवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. टॉवेल दांडीवर ठेवला की पाहुण्याला वाटतं, आपला वाटा देऊन झाला. मग तो दुसरं काही विचारत नाही.

हे सगळं दादाला कसं सांगायचं? सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. गावातल्या मुलांना मुंबई किंवा आखात न गाठता काम मिळावं, ही इच्छा माझीही आहे. मी तर तिकडे काम नव्हतं म्हणूनच इकडे आलो. शेजारच्या गोव्यात ऐंशीच्या दशकातच आलिशान हॉटेलांविरुद्ध लोक रस्त्यावर आले होते, तेव्हा आम्ही त्यांना 'विकासाचे वैरी' म्हणून हसलो होतो. किनारा नियमन क्षेत्राचा १९९१ चा नियम खेड्यांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करू देत नव्हता. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या खेड्यांत ते अंतर ५० मीटरवर आणलं. तेव्हा माहितीपत्रकं आता जास्तच येणार. आपल्या मंडळातल्या अनेकांच्या सातबारांवरही अशी समुद्राकडची नावं आहेत, म्हणून हे घरगुती प्रकरण इथे मांडतो.

दादाच्या माहितीपत्रकात बांबू आहे, कासव आहे, 'निसर्गाच्या कुशीत' आहे. विहीर नाही. म्हणून मी त्याला पाच प्रश्न लिहून पाठवले. मे महिन्यात पाणी कुठून आणणार : आपल्या विहिरींच्या झऱ्यातून की समुद्रातून, आणि समुद्रातून तर खारट पाणी कुठे सोडणार? वीज किती लागणार आणि त्यातली एसीला किती? भर पावसात सांडपाण्याची टाकी भरली की ते कुठे जाणार? सुका कचरा कोणत्या गावाच्या वेशीवर पडणार? आणि पाचवा : रापण ओढणाऱ्यांची समुद्रावर जायची वाट आणि वाळू, दोन्ही मोकळी राहणार हे कागदावर कोण लिहून देणार? रापण ओढायला अख्खा किनारा लागतो, आणि पाहुण्याला मोकळा किनारा हवा असतो. ही गोष्ट टॉवेल दांडीवर ठेवून सुटणारी नाही.

दादानं ते प्रश्न त्या मंडळींना दिले. महिन्याभरानं उत्तर म्हणून दुसरं माहितीपत्रक आलं. कागद आणखी जाड, कासव आणखी मोठं. अकरांपैकी सहा जणांनी सह्या केल्या आहेत आणि त्यांना मी दोष देत नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची मुलगी शिकते आहे. मी इथे पगार घेऊन शहाणपण सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला कळतं. म्हणून नकारही लिहिलेला नाही. दादाला एवढंच कळवलं आहे, की पाचांची उत्तरं लेखी आली की मी सही करीन, आणि तोवर पुढच्या सुट्टीत येऊन त्यांचं दुसरीकडे चालू असलेलं एखादं हॉटेल दोघांनी मिळून बघून येऊ. पाहुणे म्हणून नको. सकाळी लवकर, मागीलदारानं.