गंजाडच्या रानाचें चित्र

एका जागीं उभें राहून भोंवतालचें सगळें एकाच चित्रांत सांठवावें, ही हांव युरोपांत जुनी आहे. रॉबर्ट बार्कर नांवाच्या चित्रकारानें १७८७ सालीं या युक्तीचें पेटंटच घेतलें. एडिंबरो शहराचा देखावा त्यानें अशा रीतीनें रंगविला कीं, वर्तुळाकार चित्राच्या मध्यभागीं उभ्या राहिलेल्या प्रेक्षकास आपण टेकडीवरूनच शहर पाहत आहों असें वाटावें. या प्रकारास पुढें ‘पॅनोरामा’ हें नांव पडलें. कॅमेरा आला तेव्हां त्यासही हीच हांव सुटली. भिंग फिरवीत एखाद्या जुन्या शहरांतील रस्ता या टोंकापासून त्या टोंकापर्यंत टिपलेलीं छायाचित्रें पाहतांना मौज वाटते खरी; परंतु जरा बारकाईनें पाहिलें म्हणजे सरळ रस्ता धनुष्यासारखा वांकलेला दिसतो. सर्व कांहीं एकाच डोळ्यानें पाहण्याच्या अट्टाहासाची ती किंमत होय. शिवाय त्या रस्त्यावरील प्रत्येक दार चित्रांत दिसलें, तरी त्या दारांतून कोण कायमचें निघून गेलें, हें दिसत नाहीं.

हा विचार मनांत येण्याचें कारण म्हणजे गौरी गिल व राजेश वांगड यांची ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही चित्रमाला. ती २०१३ सालीं सुरू झाली व २०२३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. श्रीमती गिल या दिल्लीच्या छायाचित्रकार, श्री. वांगड हे डहाणू तालुक्यांतील गंजाडचे वारली चित्रकार. वारली चित्रकला जगापुढें नेणारे जिव्या सोमा मशे हेही याच परिसरांतले. गिल यांनीं वांगडांच्या घरीं राहून, त्यांच्याबरोबर हिंडून गंजाडच्या आसमंताचीं कृष्णधवल छायाचित्रें घेतलीं. हिंडतांना वांगड त्या त्या जागेच्या गोष्टी सांगत. पुढें छायाचित्रें पाहतांना गिल यांना जाणवलें कीं, जागा चित्रांत आली, पण ऐकलेली गोष्ट मात्र बाहेरच राहिली. तेव्हां त्यांनीं तींच छायाचित्रें वांगडांपुढें ठेविलीं, आणि वांगडांनीं त्यांवर आपल्या हातानें वारली चित्रें रेखाटलीं.

या मेळाचें मर्म समजण्यासाठीं वारली चित्राचा स्वभाव ध्यानांत घ्यावा लागतो. त्यास क्षितिज नाहीं आणि पाहणाराची ठरलेली जागाही नाहीं. गेरूनें किंवा शेणानें सारविलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें पेरणी, कापणी, शिकार, वरात हीं सारीं शेजारीं शेजारीं नांदतात. तारपा वाजविणाराभोंवतीं नाचणारांची रांग वळसे घेत जाते, आणि त्या वळशाबरोबर आपली नजरही फिरते. बार्करच्या पॅनोराम्यांत पाहणारा मध्यें असतो. वारली चित्रांत मध्यें असतो तो तारपा. पहिल्यांत एका क्षणाचें सगळें स्थळ दिसतें, दुसऱ्यांत एका स्थळाचा सगळा काळ. आमच्या मतें या चित्रमालेचें यश एवढ्याच गोष्टींत आहे कीं, तिनें हे दोन डोळे एका कागदावर आणिले, आणि दोहोंपैकीं एकालाही मिटावयास लाविलें नाहीं.

हें किती अगत्याचें आहे, तें याच मुलखाच्या इतिहासावरून कळेल. आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें २३ मे १९४५ रोजीं हजारों वारली जमले आणि वेठबिगार करणार नाहीं असा त्यांनीं निर्धार केला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत त्या लढ्याची हकीकत आली आहे. परंतु त्या परिसराचें आज कितीही रुंद छायाचित्र घेतलें, तरी त्यांत दिसावयाचें काय? गवत, झाडें आणि डोंगर. कॅमेरा खोटें बोलत नाहीं. पण त्याला आठवण नसते.

आतां दोषांकडे वळूं. कांहीं चित्रांत आकृतींची इतकी दाटी झाली आहे कीं खालचें रान केवळ कागद होऊन बसतें, आणि दोन डोळ्यांतील ताण नाहींसा होतो. जेथें वांगडांनीं हात आवरला आहे, तेथेंच चित्र अधिक बोलतें. दुसरी उणीव अधिक खोल आहे. वारली भिंतीवर लग्नाचा चौक लिहावयाचा मान मूळचा सुवासिनींचा. त्यांत पालघट देवीची स्थापना होते, आणि कार्य उरकल्यावर तो चौक जपून ठेवावा असें कोणाच्या मनांतही नसे. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें हीं चित्रें कागदावर आलीं, तीं बहुतांशीं पुरुषांच्या हातून. या चित्रमालेंतही गोष्ट सांगणारा पुरुषच आहे. गंजाडचें रान तेथील बायकांनीं कसें लिहिलें असतें, हा प्रश्न ती मनांत उभा करते आणि तसाच सोडून देते.

तरीही ही चित्रमाला आमच्या वाचकांनीं आवर्जून पाहावी. मुंबई-अहमदाबाद जलदगति रेल्वेचा मार्ग डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांतून आंखलेला आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. अशा कामांपूर्वीं जमिनीची पाहणी होते, आणि आतां तर आकाशांतून सलग छायाचित्रेंही घेतां येतात. त्यांत झाडें मोजतां येतील, घरें मोजतां येतील. उरलेली जमीन रिकामी दिसेल. जी जमीन रिकामी दिसते, ती मागावयास कोणाची जीभ अडखळत नाहीं. वांगडांच्या बारीक रेघांनीं त्या रिकाम्या जागा भरल्या आहेत. देवांनीं, पितरांनीं, पिकांनीं आणि पावसानें. त्या पाहिल्यावर गंजाडच्या रानास पुन्हां ओसाड म्हणणें कोणासही सोपें जाणार नाहीं.