अम्लरोधक औषधे व जठराची गती : एका निष्कर्षाची तपासणी

अम्लस्राव रोखणाऱ्या औषधांमुळे जठर रिकामे होण्यास विलंब लागतो, हे विधान वैद्यकीय लेखनात सरसकट केले जाते. १९८८ साली ओमेप्राझोल प्रचारात आल्यानंतर या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले. विधान खोटे नाही. ते अपुरे आहे.

घन अन्नापुरते ते मान्य करावयास हरकत नाही. घन अन्नाचे साधारण एक-दोन मिलिमीटरचे कण झाल्यावाचून जठराचे निर्गमद्वार त्यास सहसा वाट देत नाही. हे दळण स्नायूंचे खरे. परंतु प्रथिने मऊ करणारे पेप्सिन अम्लावाचून सिद्ध होत नाही. अम्ल रोखले की दळण लांबते. द्रवाची गोष्ट निराळी. त्याची गती मुख्यतः आकारमान व उष्मांक यांवर अवलंबून असते, आणि तेथे प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. भाकरीचा घास व ताकाचा पेला एकाच मापाने मोजून ‘जठर मंदावले’ असे म्हणणे शास्त्रीय नव्हे.

हॉर्मोनांविषयीचे विवेचन याहून सैल आहे. अम्ल घटले की सोमॅटोस्टॅटिनचा लगाम ढिला होतो व रक्तातील गॅस्ट्रिन वाढते. म्हणून विलंबाचे खापर गॅस्ट्रिनवर फोडले जाते. शिरेवाटे दिलेल्या पेंटागॅस्ट्रिनने जठर मंदावते, हा त्यास आधार. पण पेंटागॅस्ट्रिन अम्लही वाढविते, आणि आद्यांत्रात उतरलेले अम्ल स्वतःच जठरास आवरते. १९०२ साली बेलिस व स्टार्लिंग यांनी शोधलेले सीक्रेटिन याच अम्लाने स्रवते. ओमेप्राझोल घेणाऱ्याच्या शरीरात गॅस्ट्रिन वाढलेले, तर अम्ल मात्र घटलेले असते. तेव्हा पहिल्या प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या स्थितीस लावता येत नाही. गॅस्ट्रिन मोजण्यास सोपे, म्हणून त्यास कारणाचे स्थान मिळाले असावे.

या सैलपणाची झळ रुग्णास लागते. जेवणानंतर पोट जड होते म्हणून अम्लरोधक सुरू होते. जडपणा राहिला की जठराची गती मोजली जाते. औषध चालू असता ही मोजणी झाली आणि तशी नोंद अहवालात नसली, तर औषधाचा परिणाम रोग म्हणून नोंदला जाण्याचा संभव आहे. त्यातच अनेक प्रयोग निरोगी व्यक्तींवर, थोड्या दिवसांच्या मात्रेने झालेले. प्रत्यक्षात हे औषध वर्षानुवर्षे घेतले जाते.